शंभरात किती

ओळ संपत आली होती तेवढ्यात तिला एक कण अडला. तिने अंगठा मोजणीच्या बटणावरून उचलला, मायक्रोस्कोपचं चाक किंचित पुढेमागे फिरवलं आणि डोळे न हलवता म्हणाली,

"दादा, जरा बघता का?"

दादा शेजारच्या टेबलावरून उठून आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी डोळा लावला.

"तुझं काय म्हणणं?"

"मोहरी."

"शंभरात किती?"

"पंचाऐंशी."

"पंधरा कशाला कापलेस?"

"जाळी थोडी विरळ वाटतेय. आणि कण सुजलाय. रंग जास्त प्यायला असेल."

"मग पंचाऐंशी ठीक. लिही," दादा म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

त्या खोलीत मध तपासला जाई. बाटलीवर ज्या फुलांचं नाव आहे त्यांचाच मध बाटलीत आहे का, हे सांगायचं एवढंच काम. मध कोमट पाण्यात सैल करायचा, नळ्यांमध्ये भरून यंत्रात गरगर फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ स्लाइडवर पसरून गुलाबी रंगवायचा आणि मग त्यातले परागकण एकेक करून ओळखायचे, मोजायचे. सूर्यफुलाचा काटेरी, निलगिरीचा त्रिकोणी, मोहरीचा जाळीदार. मध गप्प असतो, गाळ बडबड्या असतो, असं दादा नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. दुसऱ्या दिवशी शंभराचं सांगत. कण कितीही ओळखीचा असो, आपली खात्री शंभरात किती ते बोलायचं. आणि शंभर कधीच म्हणायचं नाही.

"शंभर कोण म्हणू शकतं?" ते विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "ती माशी. जी त्या फुलावर बसली होती, ती. आपण बसलो नव्हतो. आपण नव्याण्णवला थांबायचं."

हे वाक्य तिथल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं. आता प्रमुखाच्या खुर्चीत बसणाऱ्या मॅडमनीही. त्यांनाही कण मोजायला दादांनीच शिकवलं होतं. दादांच्या अंगात ही सवय इतकी मुरली होती की चहात साखर आहे का विचारलं तरी ते आधी घोट घेत आणि मग 'पंच्याण्णव' म्हणत. मध्यंतरी त्यांच्या नातीचा पाय मोडला, पोर किती तरी आठवडे एका जागी बसून होतं. प्लास्टर निघालं तेव्हा सगळ्यांनी हाड जुळलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर शंभर म्हणतात. म्हणून मला काळजी वाटते."

तिने पुढची ओळ मोजायला घेतली. मागे पावलं येऊन थांबली तेव्हा तिने नुसतं एक बोट वर केलं. वर केलेल्या बोटाचा मान तिथे सगळे ठेवत, कारण अर्धी ओळ टाकून उठलं की ती पहिल्यापासून मोजावी लागे. पावलं थांबून राहिली. ओळ संपल्यावर तिने वळून पाहिलं. वायरमन होता. खरं तर तो इंजिनिअर होता आणि संस्थेतले सगळे संगणक त्याच्या ताब्यात होते. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तो टेबलाखालून वायरी ओढत रांगताना दिसला आणि नाव पडलं ते पडलं.

"मॅडमनी बोलावलंय," तो म्हणाला.

"ही स्लाइड झाली की येते."

"आत्ता बोलावलंय."

तो तिच्याकडे बघत नव्हता. टेबलाखालच्या वायरींकडे बघत होता.

मॅडमच्या टेबलावर दोन कागद होते. एक कोणता असणार ते तिला माहीत होतं. तिचं प्रोबेशन महिनाअखेर संपत होतं आणि कायम करण्याचं पत्र सहीसाठी आल्याची बातमी मेणवालीने, म्हणजे मेणाच्या तपासणीला असलेल्या बाईंनी, तिला आधीच पोचवली होती. दुसरा कागद बाहेरून आला होता.

"तुम्हीच सांगा," मॅडम वायरमनला म्हणाल्या.

"एका चित्रपट कंपनीची तक्रार आहे. त्यांचा नवा पिक्चर आपल्या नेटवर्कवरून वाटला जातोय. फुकट. जगभर." 'जगभर' म्हणताना त्याच्या आवाजात किंचित अभिमान आला, तो त्याने लगेच गिळला. "मी शोध घेतला. स्कॅनरच्या खोलीतला संगणक आहे. 'जुने नमुने' नावाचं फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक फोल्डर, त्यात तो प्रोग्रॅम. आणि लॉगिन..."

तो थांबला. मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही, त्यामुळे त्यालाच करावं लागलं.

"लॉगिन तुझं आहे."

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"आधी बस," मॅडम म्हणाल्या.

ती बसली. मग तिने स्कॅनरचं सांगितलं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, मॅडमनाही ते माहीत होतं. एका स्लाइडचे सगळे फोटो काढायला स्कॅनर अख्खा दिवस घेई. ज्याने स्लाइड लावली त्याचं लॉगिन तोवर उघडं राहावं लागे. लॉगआउट केलं की स्कॅनर आहे तिथे थांबे आणि दिवस फुकट जाई. म्हणून स्लाइड लावली की पडद्याला एक पिवळं कार्ड अडकवायचं, 'चालू आहे, बंद करू नये', आणि आपल्या कामाला निघून जायचं. मधल्या वेळेत ज्याला प्रिंट काढायची असेल, मेल बघायची असेल, तो त्याच लॉगिनवर बसे. "तुझ्या नावावर बसतो गं," असं दारातून ओरडून सांगायची पद्धत होती. हल्ली ओरडणंही बंद झालं होतं.

मॅडमनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"हे तू मला तोंडी सांगितलंस, ठीक आहे. लेखी सांगू नकोस."

"का?"

"पुढच्या महिन्यात तपासणीवाले येतायत. आपण त्यांना लिहून दिलंय की इथे प्रत्येक जण स्वतःच्याच लॉगिनवर काम करतो. ते तसं नाही म्हटलं, तर झाले तेवढे सगळे अहवाल संशयात. कोणी मोजलं, कोणी सही केली, काय सांगणार?"

प्रश्न योग्य होता.

"तू दोन ओळी लिहून दे. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी कंपनीला तसं कळवते, त्यांचं समाधान होतं. मग यावर सही करते." मॅडमनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "नाहीतर विषय समितीकडे जातो, आणि समितीचा निकाल लागेपर्यंत हे पत्र इथेच पडून राहतं. समिती कधी बसेल ते मला माहीत नाही. प्रोबेशन कधी संपतंय ते तुला माहीत आहे."

"पण मी केलेलं नाही."

"तू केलंस असं मी कुठे म्हणतेय? मी म्हणतेय, लिहून दे. शुक्रवारपर्यंत."

बाहेर आल्यावर वायरमन तिच्या सोबत थोडा चालला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"लोकांना कळतच नाही गं. त्यांना वाटतं आपण नुसता पिक्चर घेतोय, कोणाला दिसणारे. पण तो प्रोग्रॅम घेता घेता देतही असतो. जेवढं उतरलं तेवढं पुढे वाटायला सुरुवात. नुसतं घेता येतच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तुझ्यासारखीने एवढं कच्चं काम करावं याचंच नवल वाटलं. येईल त्या खिडकीला 'हो, हो, पुढे' दाबत गेलीस. कुठे उतरतंय ते पाहिलं नाहीस, बंदही केलं नाहीस."

"कारण मी नव्हतेच."

"हो, ते आहेच," तो म्हणाला. "गोगलगाईचा पिक्चर आहे, लहान मुलांचा. बरा आहे म्हणे."

"मी पाहिलेला नाही."

"हो, हो."

चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं. मेणवालीने शेजारची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवली होती.

"काय गं, आधी बोलायचं नाहीस? आम्ही सहकुटुंब थेटरात जाऊन बघून आलो तो. मधे पॉपकॉर्नही घ्यावं लागलं."

"मी केलेलं नाही."

"बरोबर. असंच म्हणायचं. शेवटपर्यंत असंच म्हणायचं." मेणवालीने बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. "खा. आरोपीला जेवायला घालतात."

टेबल हसलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. प्रोबेशनवरच्या माणसाची जागा टेबलाच्या कोपऱ्यावर असते. ती त्या दिवशी मधोमध बसली होती. हिशेब विभागातला एक जण, जो तिला आजवर 'अहो मध' म्हणून हाक मारत आला होता, चहा संपल्यावर मागे येऊन उभा राहिला आणि मुठीतला पेनड्राइव्ह हळूच दाखवून म्हणाला, "त्या डॉक्टरांच्या सिरियलचा पुढचा भाग मिळेल का? घाई नाही." स्वागतकक्षातली मुलगी जाताना पहिल्यांदाच हसली.

दोन दिवस तिने हे नीट पाहिलं. सगळे तिच्या बाजूने होते. कोणी रागावलेलं नव्हतं, कोणी तिला टाळत नव्हतं. फक्त 'तू केलंस का' असं कोणी विचारलं नव्हतं. तिने मात्र सगळ्यांना विचारलं: माझ्या नावावर तुम्ही बसला होतात का? बसलो होतो की, ते म्हणाले. प्रिंट काढली. रजेचा अर्ज भरला. मुलाचा निकाल पाहिला. इतक्या सहज म्हणाले की पुढचा प्रश्न तिला विचारता आला नाही. दादांना विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. दादा संगणकापासून लांब राहतात अशी सगळ्यांचीच समजूत होती.

घरी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दोन ओळी लिहायला हात झिजतात का तुझे?"

"न केलेल्या गोष्टीच्या?"

"लहानपणी बरणी फुटली तेव्हा मागितली होतीस की माफी, न फोडता."

"आई, ती मीच फोडली होती."

"बघ," आई म्हणाली आणि पोळी उलटली.

बाबा ताटावरून वर न बघता म्हणाले, "हल्ली सगळेच करतात. त्यात काय एवढं. मला तू ते जुनं नाटक आणून दिलंस, ते काय विकत घेतलं होतंस?"

"हो."

बाबांचा घास हातात राहिला. "विकत?"

"हो, बाबा."

"अगं मग मी सगळ्यांना काय सांगत फिरतोय, पोरीने कुठून तरी पैदा केलं म्हणून." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण मग पहिल्यापासून विकत घेणारी तू, आत्ताच कशी काय घसरलीस?"

जेवण झाल्यावर ती भांडी पुसत उभी राहिली आणि समोर एखादा नमुना यावा तसं तिने ते सगळं समोर मांडून पाहिलं. लॉगिन तिचं. स्लाइड त्या दिवशी तिची. 'जुने नमुने' हे फोल्डरही तिनेच केलेलं, नावासकट. दुसऱ्या कोणाचा एक कणही त्या गाळात सापडत नव्हता. असा नमुना तिच्याकडे आला असता तर तिने निर्धास्तपणे नाव लिहिलं असतं आणि पुढे अठ्ठ्याण्णव. लोकांवर चिडायला तिच्याकडे कारण नव्हतं. ते तिच्याइतकंच नीट मोजत होते.

राहिलेले दोन कोणी तरी धरावेत, एवढीच तिची इच्छा उरली होती.

गुरुवारी दुपारी ती नळ्या धुवायला गेली तेव्हा मोरीपाशी दादा होते. नळ्या ज्याच्या त्याने धुवायच्या, हाही त्यांचाच नियम. मागच्या मधाचा एक कण चिकटून राहिला तर पुढचा मध खोटा ठरतो, आणि ती जोखीम दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. ती शेजारी उभी राहिली. तिने नळ सोडला. बराच वेळ दोघांचे ब्रश फिरत राहिले.

"दादा, तुम्हाला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

दादांनी नळी झटकली. "वायरमन नेमकं काय म्हणाला?"

तिने सांगितलं. तक्रार, फोल्डर, लॉगिन. गोगलगाय. घेता घेता पुढे वाटलं जातं, तेही.

"म्हणजे नुसता बघायला घेतला, तरी?"

"तरी. नुसतं घेता येतच नाही म्हणाला."

"वाटायचं बटण वेगळं नसतं?"

"नसतं. आपोआप होतं."

दादांचा ब्रश थांबला. त्यांनी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहिली. नळी स्वच्छ होती. त्यांनी ती पुन्हा धुवायला घेतली.

"आणि हे तुझ्यावर आलं, कारण कार्ड तुझं होतं."

"लॉगिन. हो."

"हं."

"तुम्ही सांगा ना. तुम्हाला काय वाटतं?"

"तू केलं नसशील."

"शंभरात किती?"

नळ वाहत होता. एरवी हा प्रश्न विचारला की दादा लगेच उत्तर देत. आकडा त्यांच्या ओठावरच असे. त्या दिवशी त्यांनी आधी नळ बंद केला, मग हात पुसले, आणि मग म्हणाले, "नव्वद."

तिला शंभराची अपेक्षा नव्हती. शंभर कोणीच म्हणत नाही. पण साध्या सूर्यफुलालाही दादा नव्याण्णव देत.

"दहा कुठे गेले?"

"दहा ठेवावे लागतात, पोरी," ते म्हणाले. त्यांनी तिला आजवर पोरी म्हटलेलं नव्हतं. तिच्याकडे न पाहता ते आपल्या नळ्या घेऊन बाहेर गेले.

तिने तिच्या नळ्या घोडीवर उपड्या घातल्या. एक चुकून सुलटी ठेवली गेली. तिच्या तळाशी पाणी राहिलं.

शुक्रवारी सकाळी तिने एक स्लाइड मोजायला घेतली. दुसरी ओळ अर्ध्यावर असताना वायरमन दारात आला. या वेळी तिने बोट वर केलं नाही. मोजणीचं बटण तसंच ठेवून ती उठली आणि खिशातला कागद चाचपून मॅडमच्या खोलीत गेली. शेजारच्या टेबलावर दादा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. त्यांचा अंगठा हलत नव्हता.

दोन ओळी लिहायला तिला खरंच काही कष्ट पडले नव्हते. आईचं बरोबर होतं. 'माझ्याकडून अनवधानाने' असं तिने सुरू केलं होतं आणि पुढचं आपोआप आलं होतं. सही तेवढी केली नव्हती. मॅडमनी कागद वाचला, मान हलवली आणि आपलं पेन उघडून तिच्यापुढे धरलं.

"तारीख घाल खाली."

"मला एक झेरॉक्स लागेल," वायरमन म्हणाला. "फाइलला."

तिने पेन घेतलं. दारावर टकटक झाली आणि 'या' म्हणायच्या आत दादा आत आले. हातात कुठला तरी अहवाल होता. तो सहीसाठी आणला असावा, पण त्यांनी तो पुढे केला नाही.

"दादा, पाच मिनिटं द्या," मॅडम म्हणाल्या. "हे एवढं उरकते."

दादा गेले नाहीत. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मायक्रोस्कोपवरून उठताना ते तो डोळ्यांवर घ्यायला विसरले असावेत, आणि त्यामुळे त्यांना समोरचं कोणीच नीट दिसत नसणार.

"तिने केलेलं नाही," ते म्हणाले.

"दादा, लॉगिन तिचं आहे," वायरमन समजुतीने म्हणाला.

"असू दे. तिने केलेलं नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. आठवडाभर या विषयाने त्या दमल्या होत्या आणि समोरचा माणूस त्यांचा जुना गुरू होता. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. पूर्वी शेजारच्या टेबलावर बसून विचारत असतील, तसंच त्यांनी विचारलं,

"शंभरात किती, दादा?"

दादांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी. मग तो डोळ्यांवर घातला आणि मॅडमकडे पाहिलं.

"शंभर."

मॅडमचं हसू चेहऱ्यावरच होतं, पण त्याखालून काहीतरी निघून गेलं होतं. ती पेन धरून बसली होती. तिला काल मोरीपाशी दादांनी आधी नळ बंद करून मग म्हटलेलं 'नव्वद' आठवलं.

"म्हणजे काय?" वायरमनने एकेकाकडे पाहिलं. "नाही, दादांना खात्री वाटते हे ठीक आहे. पण त्याला काही आधार लागेल ना? मी फाइलला काय लावू?"

तो वायरींचा माणूस होता, त्याला कोणी दुसऱ्या दिवशीचं ते माशीचं वाक्य सांगितलेलं नव्हतं.

"तुम्ही जरा चहा घेऊन या," मॅडम म्हणाल्या.

"माझा झालाय."

"परत घ्या."

तो गेला. मॅडमनी पुढे वाकून तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण घातलं. टोपण नीट बसलं आहे का ते पाहायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी तिच्यासमोरचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तो कागद त्यांनी टेबलावरून दादांच्या बाजूला सरकवला. पेन मात्र स्वतःच्या हातातच ठेवलं.

"तुम्ही बसा, दादा," त्या म्हणाल्या. आवाज प्रमुखांचा नव्हता.

दादा बसले नाहीत. ते तिच्याकडे वळले.

"ओळ अर्धी टाकून आलीस?"

"हो."

"मग पहिल्यापासून मोजावी लागेल. जा."

ती उठली. काही बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरं आता तिला माहीत होती. दार ओढून घेताना तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाहेरच्या वाटेत मेणवाली भेटली. "दिलंस लिहून? सुटलीस बाई एकदाची," ती म्हणाली आणि उत्तरासाठी न थांबता पुढे गेली.

मायक्रोस्कोपचा दिवा चालूच होता. शेजारच्या टेबलावरही चालू होता, आणि त्याच्या उजेडात एक स्लाइड कोणी बघत नसताना गुलाबी चमकत होती. तिने तो दिवा बंद केला, मग थोडा विचार करून पुन्हा लावला. आपल्या जागी बसून मोजणीचं बटण शून्यावर आणलं. स्लाइड डावीकडे, ओळीच्या सुरुवातीला नेली.

पहिलाच कण सूर्यफुलाचा होता. गोल, चहूबाजूंनी काटेरी. शाळेतल्या मुलानेही ओळखला असता. तिने चाक फिरवून तो वरून पाहिला, मग खालून पाहिला. मग नव्याण्णव धरले, बटण दाबलं आणि पुढे सरकली.